हातचा

हलच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर
मी उद्याची बोलणी मोजते.
कोण कुणाशी बोलेल ते मला दिसत नाही,
दिसू नयेच.
फक्त किती.
कुठल्या टॉवरवर, कुठल्या तासाला, किती गिगाबाइट.

मॉडेलला तीन वर्षांचे आकडे चारले
तर ते भलतंच शहाणं निघालं.
शुक्रवारी संध्याकाळी पबपाशी ताप चढतो,
रग्बीच्या मध्यंतरात सगळं शहर एकदम खिशात हात घालतं,
ख्रिसमसच्या सकाळी दहाला
पोरांचे व्हिडिओ आजोळी निघतात,
यातलं त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं.
शेजारी भांडी जरा जास्त वाजली
की आपण ओळखतो ना, आज पाहुणे आलेत,
तसं त्यानं ओळखलं.

एक टॉवर मात्र ऐकेना.
ओल्डथॉर्प. समुद्राकाठी. तीन सेक्टर.
त्यातला दोन नंबर, तोंड पूर्वेला.
दर हिवाळ्यात तिथला आकडा एक पायरी उतरायचा
आणि पुन्हा चढायचा नाही.
मॉडेल दर वर्षी जास्त सांगायचं,
दर वर्षी तोंडघशी पडायचं.
एवढ्या बेरजा, आणि कुठेतरी
हातचा राहून जातोय.
गॅरेथ म्हणाला, "ड्रिफ्ट आहे. पुन्हा शिकव."
पुन्हा शिकवलं. पुन्हा तेच.

मग एका शनिवारी बस धरली.
दीड तास. बीटाची शेतं, डुकरांचा वास,
पवनचक्क्या, आणि शेवटच्या थांब्यानंतर
रस्ता पुढे जातो
आणि मग जात नाही.
मधली पांढरी रेघ कड्याच्या काठापर्यंत येते
आणि हवेत संपते.

टॉवर चॅपलमागे निथळत उभा होता.
एवढासा. माझ्या स्क्रीनवर केवढा वाटायचा.

कुत्रा घेऊन एक बाई आली. डोरीन.
मी काय काम करते ते तिला नीट सांगता येईना.
"म्हणजे हवामान खात्यातली का तू?"
"तसंच काहीसं."
"मग हे बघ," म्हणत तिनं काठी उचलली
आणि कड्याच्या पलीकडे, खाली समुद्र असलेल्या
मोकळ्या हवेत एक जागा दाखवली.
"ते माझं स्वयंपाकघर."
जरा डावीकडे: "ते ब्रायनचं गॅरेज.
आणि तिथून तिथपर्यंत कॅरव्हॅन. सोळा होत्या."
एक कुरव पक्षी वाऱ्यावर पंख ताणून थांबला होता,
साधारण ओट्याच्या उंचीवर.

परतीच्या बसमध्ये मी काच पुसत राहिले.
माणसं बोलायची तेवढीच बोलत होती.
जमीन वजा होत होती.

सोमवारी तक्त्यात एक नवा रकाना घातला:
कड्यापर्यंतचं अंतर, मीटरमध्ये.
कौन्सिल वर्षातून दोनदा मोजतं, मिळालं.
चूक अकरा टक्क्यांवरून तीनवर आली.
गॅरेथनं ती स्लाइड लंडनला दाखवली,
तिथे कुणीतरी टाळ्याही वाजवल्या म्हणे.

डोरीन आता सेक्टर तीनमध्ये राहते, भाड्यानं.
अठ्ठावीस मीटर.
हा रकाना असा आहे की
त्यातला आकडा कधीच वाढत नाही,
आणि मॉडेल आता न विचारता सांगतं
कुठला हिवाळा, किती पायऱ्या.
मी तो आलेख फार वेळ उघडा ठेवत नाही.

फिश अँड चिप्सच्या बिलामागे तिनं नंबर लिहून दिला होता.
रविवारी सात वाजता लावला.
चाळीस मिनिटं बोललो, बहुतेक कुत्र्याबद्दलच,
त्याला पायऱ्या चढवत नाहीत आताशा.
मग तिनं त्याचा घोरतानाचा व्हिडिओ पाठवला,
मोठा होता, अडखळत आला.

त्या तासाला ओल्डथॉर्प, सेक्टर तीन,
अंदाजापेक्षा किंचित वर गेलेलं.
अहवालात 'कारण' म्हणून एक चौकट असते.
ती मी कोरी सोडली.